अंक कोणासाठी, आणि कोणाच्या कानांनी?

माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संगीताचे मासिक आखायला सांगितले की त्यांचे आराखडे सुरुवातीला उत्साहाने भरलेले असतात. नाव ठरलेले असते, मुखपृष्ठावरचे रंग ठरलेले असतात, मधल्या जोडपानावरच्या मुलाखतीसाठी कोणाला गाठायचे हेही ठरलेले असते. मग दोन रकाने येतात आणि तिथे लेखणी अडखळते. ‘लक्ष्यवाचक’ या रकान्यात बहुतेक जण ‘१६ ते २५ वयोगटातील संगीतप्रेमी तरुण’ असे लिहितात. ‘विचारसरणी’ या रकान्यात लिहितात, ‘आमचे मासिक कोणत्याही विचारसरणीचे नाही, आम्हाला फक्त चांगले संगीत वाचकांपर्यंत पोहोचवायचे आहे.’ पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी हा विषय शिकवते, आणि प्रकल्पाच्या काळात माझा सर्वांत जास्त वेळ या दोन वाक्यांवर जातो, कारण ती दोन्ही वाक्ये एकाच प्रश्नाला बगल देतात. चांगले संगीत कोणते हे ठरवताना आपण कोणाचे कान प्रमाण मानले, हीच त्या मासिकाची विचारसरणी असते. आणि ज्यांचे कान प्रमाण मानले तेच त्याचे खरे वाचक असतात, मग रकान्यात वयोगट कोणताही लिहिलेला असो.

विचारसरणी म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर पक्ष, झेंडे आणि निवडणुका येतात, आणि संगीताच्या मासिकाला त्यातले काहीच लागू होत नाही असे त्यांना मनापासून वाटते. लुई अल्थुसर या फ्रेंच विचारवंताने १९७० साली लिहिलेल्या निबंधात शाळा, कुटुंब, प्रसारमाध्यमे आणि संस्कृती यांच्यामार्फत प्रस्थापित व्यवस्था माणसांच्या मनात कशी रुजते याची मांडणी केली आहे. परीक्षेपुरते ते मुलांना पाठ असते. परंतु ही मांडणी अनुक्रमणिकेतल्या पानसंख्येलाही लागू पडते, हे उदाहरणाशिवाय उमगत नाही.

म्हणून मी त्यांच्यासमोर ‘रोलिंग स्टोन’च्या दोन याद्या ठेवते. सॅन फ्रान्सिस्कोमधून १९६७ साली सुरू झालेल्या या नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वकाळातील ५०० श्रेष्ठ आल्बमची यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात पहिले स्थान बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ला मिळाले. २०२० मध्ये त्याच नियतकालिकाने नव्याने मतदान घेतले, तेव्हा पहिल्या स्थानावर मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. पहिला आल्बम १९६७ चा, दुसरा १९७१ चा. मधल्या सतरा वर्षांत दोन्हींमधला एक स्वरही बदललेला नव्हता. बदलले होते ते मत देणारे लोक, त्यांचे वय, त्यांचा वर्ण आणि त्यांनी लहानपणापासून ऐकलेले संगीत. पुढे २०२३ मध्ये या नियतकालिकाचे सहसंस्थापक यान वेनर यांनी आपल्या मुलाखतींच्या पुस्तकात केवळ गोरे पुरुष संगीतकार का घेतले, या प्रश्नावर कृष्णवर्णीय आणि स्त्री संगीतकार त्या बौद्धिक पातळीवर बोलत नाहीत अशा आशयाचे उत्तर दिले, आणि त्यानंतर ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना दूर करण्यात आले. या याद्या वाचणाऱ्याला त्यात विचारसरणी दिसत नव्हती, त्याला फक्त चांगले संगीत दिसत होते. आमच्या मुलांच्या रकान्यातले वाक्य नेमके तेच आहे.

वाचकवर्ग हा आधीपासून कुठेतरी तयार बसलेला असतो आणि आपण त्याला शोधून काढायचे असते, ही दुसरी समजूत. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ब्रिटनमधली एकल ध्वनिमुद्रिकांची पहिली क्रमवारी छापली. त्यासाठी पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या जास्त खपल्या हे विचारले होते. तोवर गाण्याची लोकप्रियता मुख्यतः स्वरलिपीच्या छापील प्रतींच्या विक्रीवरून मोजली जाई, म्हणजे घरी पियानो असलेल्यांच्या खरेदीवरून. तबकड्या विकत घेणाऱ्यांना मोजायला सुरुवात होताच ते एक वाचकवर्ग म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी जाहिरात देणारेही उभे राहिले. याच साप्ताहिकाने सप्टेंबर २०१५ पासून अंक फुकट वाटायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या फुकट अंकाच्या मुखपृष्ठावर रिहाना होती. गिटारवाल्या बँडचा चाहता जो अंक पैसे मोजून मागत होता, तो आता रेल्वे स्थानकावर येणाऱ्याजाणाऱ्या कोणाच्याही हाती पडायला हवा होता, त्यामुळे मुखपृष्ठावरचा चेहराही कोणालाही ओळखू येईल असा असणे भाग होते. मार्च २०१८ मध्ये छापील अंक बंद झाला. किंमत, वितरण आणि मुखपृष्ठ हे तीन निर्णय एकमेकांत किती गुंतलेले असतात हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आपल्याकडचीही दोन उदाहरणे मी शेजारीशेजारी ठेवते. ‘संगीत कला विहार’ हे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मासिक. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्या परंपरेतून हे मंडळ आणि त्याच्या परीक्षा उभ्या राहिल्या, त्यामुळे प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतचे परीक्षार्थी आणि त्यांचे शिक्षक हा या मासिकाचा स्वाभाविक वाचक. पलुस्करांची भूमिका स्पष्ट होती: संगीत मध्यमवर्गीय घरांत सन्मानाने शिकले जावे, त्याला अभ्यासक्रम असावा, त्याला भक्तीची बैठक असावी. त्या भूमिकेमुळे हजारो मुलींना घरातून गाणे शिकायला परवानगी मिळाली, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे ऋण मी मानते. त्याच भूमिकेमुळे मुसलमान उस्तादांची घराणी आणि कलावंत समाजातल्या गायिका यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या विद्येचे श्रेय मागे पडत गेले, हेही अभ्यासकांनी साधार दाखवून दिले आहे. दुसरे उदाहरण ‘रॉक स्ट्रीट जर्नल’चे. अमित सैगल यांनी ते १९९३ साली अलाहाबादहून सुरू केले. मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरहून नव्हे, अलाहाबादहून. वेगवेगळ्या शहरांतल्या वसतिगृहांत आणि गॅरेजांत वाजवणाऱ्या, वृत्तपत्रांत ज्यांना कधी जागा मिळत नव्हती अशा बँडवाल्या मुलांना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे त्या अंकातून कळले. या दोन नियतकालिकांमध्ये साम्य शोधूनही सापडणार नाही, पण आपण कोणाशी बोलत आहोत हे दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि संगीताने काय करावे याबद्दल दोघांचेही ठाम मत होते. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात मला हेच पाहायचे असते.

आता पुण्यातल्या आमच्या वर्गाकडे येते. अंक कोणत्या महिन्यात काढायचा, हा प्रश्न मुलांना निव्वळ वेळापत्रकाचा वाटतो. पण डिसेंबर म्हटला की सवाई गंधर्व महोत्सव आला. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव पुण्याच्या सांस्कृतिक दिनदर्शिकेचा कणा आहे, आणि २०१० साली पुण्यातच सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या महोत्सवामुळे पाश्चात्त्य धाटणीच्या संगीताच्या श्रोत्यांचाही हंगाम त्याच सुमाराचा झाला. डिसेंबरच्या अंकाला छायाचित्रे सहज मिळतात, मुलाखती मिळतात, वाद्यांच्या दुकानाची जाहिरातही मिळते. एप्रिलचा अंक काढायचा म्हटला तर १४ एप्रिल समोर येतो, आणि त्याबरोबर भीमगीतांची ती सगळी परंपरा, जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि तिथून आजच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपर्यंत. आषाढात अंक काढला तर दिंडीतल्या अभंगांना टाळता येत नाही, भाद्रपदात काढला तर ढोल-ताशा पथकांना. म्हणजे महिना निवडला की श्रोता निवडला गेला, आणि तो आपण निवडला आहे याची जाणीवही निवडणाऱ्याला नसते. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक आराखडे डिसेंबरचे असतात. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ज्या घरांतून ही मुले आली त्या घरांत संगीताचा महिना डिसेंबरच असतो, एवढेच त्याचे कारण, आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहे.

वाचकांची पाहणी करा असे सांगितले की गुगल फॉर्म तयार होतो आणि व्हॉट्सॲपवरच्या मित्रमंडळींच्या गटांत फिरतो. दोन दिवसांत भरपूर उत्तरे येतात, रंगीत आलेख तयार होतात, आणि त्या आलेखांत फॉर्म तयार करणाऱ्यांचीच आवड त्यांना परत मिळते. काही जण आणखी पुढे जाऊन जाहिरात व्यवसायातली वर्गवारी वापरतात. भारतात २०११ पासून वापरात आलेली ही पद्धत घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरावीक अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, या दोन आधारांवर कुटुंबांचे वर्ग पाडते. त्या अकरांत वीजजोडणी, पंखा, दुचाकी, शीतकपाट, मोटार अशा वस्तू आहेत आणि शेतजमीनही आहे. शीतकपाट विकायचे असेल तर ही वर्गवारी उपयोगाची आहे. त्या घरातली मुलगी अभ्यास करताना कानात काय लावते, ते तिच्यातून कधीच कळणार नाही.

त्याऐवजी मी मुलांना सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत पाठवते. लातूर, नांदेड, बीड, सोलापूर इथून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली कितीतरी मुले या पेठांत राहतात. ती नेमकी आमच्या रकान्यातल्या वयोगटाची आहेत, मराठी सफाईने वाचतात, आणि एखादी गोष्ट वाचायची सवय त्यांच्याइतकी आजच्या कोणत्याही तरुणाला नाही. ती काय ऐकतात हे विचारल्यावर मिळणारी उत्तरे आमच्या मुलांनी कल्पनेत आणलेली नसतात. एकाच मुलाच्या मोबाइलवर अजय-अतुल, आनंद शिंदे, किशोर कुमार आणि एखादा पंजाबी गायक हे सगळे एकत्र असतात. एका मुलीने सांगितले होते की ती रात्री अभ्यास संपल्यावर फक्त अभंग ऐकते, कारण त्यांत घर असते. अशा श्रोत्याला ‘लोकसंगीत’, ‘शास्त्रीय’, ‘इंडी’ अशा विभागांत कापून कुठे बसवायचे? मासिकाची सदरे ठरवताना हा प्रश्न खरोखर पडला पाहिजे, कारण आपल्याकडच्या अंकांत शाहिरी आणि भीमगीते हमखास ‘लोकसंगीत’ या सदरात जातात, जिथे गाण्याला कवी नसतो, सन नसतो आणि रचनेची चर्चा तर नसतेच. वामनदादांच्या गाण्याला कवी आहे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या रचनांना काळ आहे, चळवळ आहे, राजकीय भूमिका आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटातले तरुण जेव्हा आरेच्या जंगलासाठी आणि वारली समाजासाठी मराठीत रॅप करतात, तेव्हा त्यांच्यामागे रॅपचे माहेर असलेल्या न्यूयॉर्कइतकीच ही शाहिरीही उभी असते. हा धागा ज्या अंकात दिसेल तो अंक मला वाचायला आवडेल, आणि अभ्यासिकेतल्या त्या मुलांनाही आवडेल अशी माझी खात्री आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती क्रियापदांत आहे. विद्यार्थ्यांच्या डमी अंकांत, म्हणजे छपाईआधीच्या नमुना अंकांत, मी लाल पेनाने फक्त क्रियापदांखाली रेघा ओढते. ख्यालगायक ‘म्हणाले’ असतात, सतारवादक ‘सांगतात’, बँडमधला गिटारवादक ‘सांगतो’, रॅपर ‘म्हणतो’, लावणी गाणारी ज्येष्ठ कलावंत मात्र ‘सांगते’. वयाचा हिशेब लावला तर हे टिकत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी शंभरी ओलांडली होती, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती, आणि तरीही बैठकीच्या लावणीवरच्या लेखात त्यांच्यासाठी एकेरी क्रियापद लिहिणारा हात मी पाहिला आहे. लिहिणाऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मॅडम, ते आपोआप झाले.’ विचारसरणी आपोआपच होते, आणि म्हणून अंकाची शैलीपुस्तिका आधी लिहायला हवी: सर्वांना आदरार्थी किंवा सर्वांना एकेरी, जे ठरेल ते सर्वांना. तरुणांचा अंक असेल तर सर्वांना एकेरी लिहिण्यातही एक भूमिका आहे आणि मला ती मान्य आहे. छायाचित्रांनाही हाच नियम लावावा. पुरुष कलाकार वाद्यासह, डोळे मिटून, गाताना. स्त्री कलाकार वाद्याविना, कॅमेऱ्याकडे पाहून हसताना, अशी विभागणी डमीच्या सोळा पानांत सहज घडून जाते. बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रात अँजेला मॅकरॉबी यांनी १९७० च्या दशकात ‘जॅकी’ या ब्रिटिश किशोरी साप्ताहिकाचे विश्लेषण केले होते; मुलींनी प्रेमाखेरीज कशाचा विचार करावा असे त्या पानांना वाटतच नव्हते, असे त्यातून दिसले. त्या साप्ताहिकातही पॉप गायक भरपूर होते, भिंतीवर लावायच्या मोठ्या छायाचित्रांच्या रूपात. संगीत तिथे होते, पण वाचणाऱ्या मुलीने ते वाजवावे अशी अपेक्षा नव्हती.

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचा खर्च संस्था उचलते आणि तो प्रत्येकाच्या हाती आपोआप पडतो, म्हणून त्याला वाचक मिळवावा लागत नाही. संगीताचे मासिक मात्र कोणीतरी हातात घ्यावे लागते. कॅफेची आणि महागड्या हेडफोनची जाहिरात शेवटच्या पानावर आली की अभ्यासिकेतला मुलगा तो अंक दुरूनच ओळखतो आणि सोडून देतो, आतली पाने त्याच्यासाठी लिहिलेली असली तरी. त्याउलट संस्थेचे पैसे घेतले तर प्राचार्यांची सही लागते, आणि सहीच्या अपेक्षेने मुले स्वतःच आधी कात्री चालवतात. जातीवरचे गाणे नको, पोलिसांवरचा रॅप नको, ‘उगाच वाद नको’. माझ्या अनुभवात कोणत्याही वरिष्ठाने कापले त्यापेक्षा कितीतरी जास्त मजकूर या तीन शब्दांनी कापला गेला आहे. एकरंगी छपाई, साधा मॅपलिथो कागद, सोळा पानांचा एकच फॉर्म आणि मध्ये पिना, एवढ्यावर समाधान मानले तर वर्गातल्या वर्गणीतही अंक निघू शकतो, आणि मग सही फक्त संपादकांची लागते. विद्यार्थ्यांच्या अंकाला बाजाराचे ओझे नसते. जो वाचक बाजारातल्या कोणत्याही प्रकाशकाला परवडत नाही त्याच्यासाठी अंक काढण्याची मुभा आयुष्यात बहुधा याच टप्प्यावर मिळते, आणि ती न वापरता एखाद्या परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठाची नक्कल करून गुण मिळवलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

शेवटचा टप्पा डमी वाचकाला दाखवण्याचा. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडले की संदेश पाठवणारा जो अर्थ भरतो तोच घेणाऱ्याला मिळेल असे नाही. वाचक तो जसाच्या तसा स्वीकारतो, काही स्वीकारून काही बदलतो, किंवा पूर्ण उलटा वाचतो. हे तीन प्रकार मुले उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहितात, पण स्वतःच्या अंकावर कधी पडताळून पाहत नाहीत. मी त्यांना डमीच्या साध्या झेरॉक्स प्रती घेऊन तीन ठिकाणी जायला सांगते: एक जिथे अंक आवडेल अशी खात्री आहे तिथे, एक अभ्यासिकेत, आणि एक ज्यांच्याविषयी आत लिहिले आहे त्यांच्याकडे. तिसरी भेट सर्वांत अवघड असते आणि सर्वांत उपयोगाची. एका गटाने ढोल-ताशा पथकावर सुंदर लेख लिहिला होता, आणि पथकातल्या मुलींनी तो वाचून विचारले की सरावानंतर हातांना येणारे फोड, घरी परतायची रात्रीची वेळ आणि पथकात मुलीला ढोलऐवजी आधी झांजच का दिली जाते, यांविषयी त्यात काहीच का नाही. लेख पुन्हा लिहावा लागला आणि अंकातला सर्वांत चांगला लेख तोच ठरला. ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण समोर विद्यार्थी उभा असताना सगळे ‘हो’च म्हणतात. वाचणाऱ्याचा हात कोणत्या पानावर थांबतो आणि कोणते पान न वाचता उलटतो ते पाहावे, आणि उलटलेल्या पानाबद्दल विचारावे. या भेटींसाठी निदान दोन आठवडे लागतात, म्हणून आराखड्याच्या वेळापत्रकात ते मांडणीनंतर न ठेवता मुखपृष्ठाची मुलाखत ठरवण्याच्या आधी धरावेत. पाने एकदा सजली की ती मोडायला कोणाचाही हात धजत नाही.